कासवाला खूण नव्हती

डोकं उघडं असताना ताईने ऑपरेशन थिएटरमधलं भूल द्यायचं यंत्र लिलावात काढलं, ही हकीकत पाच दिवसांत घरात तीन तऱ्हांनी सांगितली जाऊ लागली होती. बारक्याच्या आवृत्तीत यंत्राला गिऱ्हाईकही मिळालं होतं. ताईच्या मुलीच्या, म्हणजे वकीलबाईंच्या, आवृत्तीत एवढंच, की भुलीच्या डॉक्टरांनी भुवई खाजवली. पण ताई पुकारा करते त्या लिलावाच्या हॉलमध्ये भुवई खाजवणं म्हणजे बोली चढवणं, त्यामुळे ताई सवयीने पुढचा आकडा पुकारून मोकळी झाली. त्यावर सर्जननी म्हणे हुकूमच काढला, की काम संपेपर्यंत कोणी भुवईला हात लावायचा नाही. तिसरी आवृत्ती खुद्द ताईची होती. ती सांगताना ताई मध्येच अडायची, म्हणून हल्ली तिला ती कोणी सांगू देत नसे.

जागेपणी ऑपरेशन करायचं कारण सरळ होतं. गाठ बोलण्याच्या जागेला खेटून बसली होती, आणि बोलणारा माणूस बोलता ठेवल्याशिवाय ती जागा कुठे संपते हे कळत नाही. मेंदूला स्वतःला काही दुखत नाही, डोक्याची कातडी बधिर केली की भागतं, असं सर्जननी समजावलं होतं. तेव्हा ताई म्हणाली होती, मेंदूला काही जाणवत नाही हे आमच्या घरात पूर्वीपासून माहीत आहे. पडद्यावर चित्रं यायची, ताईने त्यांची नावं सांगायची आणि सर्जननी विजेच्या बारीक टोकाने एकेक जागा चाचपायची. जिथे शब्द अडेल तिथे हात लावायचा नाही.

सगळं झकास चाललं होतं. गाठीच्या मागच्या टोकाशी आल्यावर मात्र ताईला शिडी आठवेना. मग कुलूप आठवेना, मग कात्री, मग कासव. वीज लावलेली नव्हती तरी आठवेना. पाठोपाठ तिचा उजवा गाल आणि हात उडायला लागला. ती आकडी होती. मेंदूवर बर्फासारखं गार पाणी ओतून ती थांबवली, आणि सर्जननी तिथेच हत्यारं खाली ठेवली. गाठीचा शेंगदाण्याएवढा तुकडा आत राहिला.

पाचव्या दिवशी त्यांनी घरच्यांना आपल्या खोलीत बोलावून हे सगळं शांतपणे सांगितलं. खुर्च्या दोनच होत्या. त्यांवर ताईचे यजमान आणि ताईची वकील मुलगी बसली. बारक्या कपाटाला टेकून उभा राहिला आणि कपाट कुरकुरलं. बारक्या हा ताईचा धाकटा भाऊ, वय पन्नाशीच्या पुढे, दाराच्या चौकटीतून वाकून येणारा. नाव बाळपणी पडलं आणि नंतर कोणी बदलायचं मनावर घेतलं नाही. ताईच्या यजमानांना सगळं घर भाऊजी म्हणत असे. त्यांचा धंदा कवळ्या बनवण्याचा. दुसऱ्यांची तोंडं भरून देणारा हा माणूस स्वतःचं तोंड फार कमी उघडत असे, कारण लग्न लिलाववालीशी झालं होतं.

सर्जनचं म्हणणं थोडक्यात असं होतं. गाठ सावकाश वाढणारी होती. पूर्ण निघाली असती तर बरीच वर्षं निर्धास्त होती. तुकडा राहिला की ती पुन्हा वाढणार, आणि पुढच्या वेळी इतकी सौम्य राहीलच असं नाही. पण ज्या चार चित्रांवर ताई अडली ती चारही तिने ऑपरेशनच्या आधी न चुकता ओळखली होती. याचा अर्थ तिथे बोलणं होतं आणि चाकू त्याला लागत होता. जी चित्रं आधीच येत नाहीत ती आपण परीक्षेतून काढूनच टाकतो, असंही त्यांनी सांगितलं. आता पुन्हा हात घालायचा नाही, किरणोपचार करायचे. उद्या सकाळी सगळे डॉक्टर बसून ते ठरवतील.

वकीलबाईंनी चार प्रश्न विचारले. भाऊजींनी एकही विचारला नाही. बारक्याने रुमालाने मान पुसली, आणि बाहेर आल्यावर म्हणाला की चहा घेऊ.

कँटीनमधला चहा कसाही असला तरी बारक्या दोन कप घेत असे आणि बिस्किटांचा पुडा फोडल्याशिवाय त्याला चहा गोड लागत नसे. आज पुडा तसाच होता. त्याच्या डोक्यात शिडी आणि कुलूप यांनी ठाण मांडलं होतं.

आजोबांच्या वेळी हॉलमध्ये एवढा कालवा असायचा, की पुढची वस्तू कोणती येते आहे हे मंचावर ऐकू जात नसे. म्हणून आजोबांनी खुणा बसवल्या. मागच्या दारात उभ्या असलेल्या माणसाने दोन बोटं हवेत चढवली की शिडी. मूठ पिळली की कुलूप. छातीवर थाप मारली की कपाट. पुकारणाऱ्याने मागे नुसती नजर टाकायची आणि वस्तूचं नाव घ्यायचं. बारक्याची अख्खी हयात त्या दारात गेली होती. ऑपरेशनच्या आधी ताईची परीक्षा झाली तेव्हा स्पीच थेरपिस्टने घरच्यांना जवळ बसू दिलं होतं, पेशंटला धीर येतो म्हणून. बाईंची पाठ घरच्यांकडे होती आणि ताईचं तोंड. शिडीचं चित्र आलं, ताई थांबली आणि तिने बाईंच्या खांद्यावरून मागे बघितलं. पुढचं बारक्याने केलं नाही, त्याच्या बोटांनी केलं.

त्याला वाटलं होतं, नापास झाली तर ऑपरेशनच करणार नाहीत. आता कळत होतं की उत्तीर्ण केलं म्हणून ऑपरेशन अर्धं राहिलं. वर जाऊन हे सांगितलं की प्रश्न सुटत होता. पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं, तर ताईचे शब्द गाठीने आधीच खाल्ले होते. आणि हॉलमध्ये शब्द अडणाऱ्याच्या हातात पुकारणाऱ्याची हातोडी राहत नाही. वडिलांनी भर लिलावात एकदा आरशाला खिडकी म्हटलं आणि त्याच दुपारी हातोडी सोडली. त्या दुपारी ती आपल्याला मिळणार असं धरून बारक्या नवा सदरा घालून उभा होता, ती ताईला मिळाली, आणि त्या सदऱ्यावरून घरात अजून त्याची चेष्टा होते. आता त्यानेच जाऊन सांगायचं की ताईला नावं सापडत नाहीत.

पुडा फोडलेला नाही हे वकीलबाईंच्या लक्षात आलं. कोर्टात तिने माणसं याहून लहान गोष्टींवर पकडली होती.

"मामा, काय झालंय?"

त्याने सांगितलं. सांगताना बोटंही हलवून दाखवली. ऐकता ऐकता तिचा चेहरा असा झाला, की शेजारच्या टेबलावरची बाई आपला ट्रे उचलून दुसरीकडे गेली.

"आणि हे तुला आज आठवतंय," ती म्हणाली. "आईला येत नव्हतं, हे सगळ्या जगाला सांगायची संधी आल्यावर. तुला हातोडी हवी आहे ना?"

"हवीच आहे. लहानपणापासून हवी आहे. अशी नको." मग तो म्हणाला, "म्हणून तर अजून वर गेलो नाही."

तिला याहून मोठं भांडण करायचं होतं, पण ते जमेना, कारण तिच्या मनातही एक काटा सलत होता. परीक्षा दोन बैठकांत झाली होती. दुसऱ्या दिवशी मामा गोदामात होता आणि खुर्चीवर ती बसली होती. हॉलच्या मंचाखाली खेळत मोठी झालेली मुलगी. लिहायला शिकायच्या आधी तिला खुणा येत होत्या. तिने कपाळाला हात लावला आणि टेबलाकडे बघत म्हणाली की कात्रीची खूण तिची होती.

बारक्याने पुडा फोडला आणि तिच्यापुढे सरकवला. चहा निवायच्या आत फिर्यादी आणि आरोपी एकाच बाकावर येऊन बसले. मग वकीलबाईंना उमेद आली आणि तिने सर्जनपुढे काय बोलायचं ते जुळवायला घेतलं: पूर्वचाचणीच्या वेळी उपस्थित नातेवाइकांकडून अनवधानाने काही हालचाली घडल्या असण्याची शक्यता नाकारता येत नाही. बारक्याने विचारलं, अनवधानाने म्हणजे काय. ती म्हणाली, म्हणजे खोटं. दोघांनाही हसू आलं, आणि हसल्याची लाजही वाटली.

भाऊजी इतका वेळ कागदी रुमालाच्या घड्या घालत होते. रागावले असतील, असं दोघांनाही वाटत होतं. कधीही न रागावणारा माणूस रागावला की कसा दिसतो हे कोणालाच माहीत नव्हतं. ते उठले आणि म्हणाले, "आधी तिला विचारा. शब्द तिचे आहेत."

ताई खाटेवर बसून डाव्या हाताने सूप पीत होती. उजव्या हातातून चमचा सुटायचा, पण सूज उतरली की तो हात येईल असं सगळे सांगत होते, त्यामुळे चमच्याचं तिला विशेष काही वाटत नव्हतं. शब्दांचं वाटत होतं. कोणी आत आलं की ती मनात आधी वाक्य रचून ठेवायची, आणि त्यातला एखादा शब्द गळालेला असला तर त्याच्या कडेने जायची. तिघं रांगेने आत आले तेव्हाच तिने ओळखलं की हे काहीतरी विकायला आले आहेत.

तिने दोघांचं ऐकून घेतलं. तिला यातलं काहीही नवीन नव्हतं. मागे नजर कोणी टाकली होती, तर तिनेच. गेल्या काही महिन्यांत हॉलमध्येही तिने वस्तू दिसत असताना खुणेकडेच बघायला सुरुवात केली होती, आणि कोणाच्या लक्षात आलं नाही म्हणून स्वतःवर खूश होती.

"सांगायचं नाही," ती म्हणाली.

मुलगी म्हणाली, मग तुकडा आत राहील. ताई म्हणाली, राहू दे, तुकडा माझा आहे. मुलीने वर्षं, धोका, किरणोपचार सगळं पुन्हा मांडलं. ताईने भिंतीकडे तोंड केलं. वडिलांनी मंचावरून उतरताना पायऱ्यांकडे कसं बघितलं होतं ते तिला स्वच्छ दिसत होतं. त्यांनी ज्याला खिडकी म्हटलं त्या वस्तूचं नाव मात्र आत्ता तिलाही येत नव्हतं. तिला खूप भीती वाटत होती आणि ती कोणाला दिसू नये म्हणून ती भिंतीकडेच बघत राहिली.

तेव्हा बारक्या म्हणाला, "ताई, तू बरी हो. हातोडी मी घेणार नाही. तुला पुकारता आलं तर तू पुकार. नाही आलं तर पेटीत ठेवू. शपथ."

ताई वळली. "वेडा आहेस का? हॉल काय पेटीवर चालतो?"

"मग कोण पुकारणार?"

"तूच. दुसरं कोण आहे?" आता तिला मनापासून राग आला होता आणि रागात शब्द बरे सुटत होते. "पण घाई करतोस तू. पहिली बोली आली की तीन... तीन वेळा श्वास घे. आणि मागच्या रांगेकडे बघ. पुढे बसतात ते नुसते बोलतात, घेतात मागचे." ती थांबली. आपण काय बोलून बसलो ते तिच्या लक्षात आलं. बारक्याच्याही आलं. एवढा मोठा माणूस खाटेच्या कडेवर बसला आणि खाट एका बाजूला कलली. सूप सांडलं ते भाऊजींनी पुसलं.

"डॉक्टरांना बोलवा," ताई म्हणाली. "आणि तू जुळवलेलं ते सांगू नकोस गं. मी सांगते."

तिने सांगितलं. अडत, वळसे घेत, पण खुणांचं सगळं सांगितलं. सर्जन उभे राहून ऐकत होते आणि त्यांचे कान लाल होत चालले होते. स्पीच थेरपिस्टच्या चेहऱ्यावर, आपण परीक्षा घेत असताना आपल्या पाठीमागे लिलाव चालला होता हे कळलेल्या माणसाला जे वाटेल तेच होतं. ती म्हणाली की इतक्या वर्षांत पेशंटला खूण करणारे नातेवाईक तिने पाहिले नव्हते. बारक्याने मान खाली घातली. त्यानेही उंची फारशी कमी झाली नाही.

सर्जन रागावले, पण मोजकंच. आता ताईला सूज होती, आकडी येऊन गेली होती. आज तिची परीक्षा घेऊन ऑपरेशनआधी काय येत होतं ते कळणार नव्हतं. म्हणून परीक्षा नातेवाइकांची घ्यायची ठरली. थेरपिस्टने तीच चित्रं आणली, आणि ज्याने खूण केली होती त्याने हात वर करायचा असं सांगितलं. शिडी आली, बारक्याचा हात वर. कुलूप, बारक्या. घड्याळ, बारक्या. ताईने त्याच्याकडे रोखून बघितलं आणि म्हणाली, घड्याळ मला येत होतं, तू उगाच मनगट बडवत होतास. कात्रीला वकीलबाईंचा हात गेला, कपाटाला दोघांचे गेले आणि मग कोण कुठल्या दिवशी हजर होतं यावर थोडी खडाजंगी झाली. सर्जनसुद्धा एकदा हसले.

मग कासवाचं चित्र आलं आणि कोणाचाच हात वर गेला नाही.

कासवाला खूणच नव्हती. आजोबांनी जन्मात कधी कासव विकलं नव्हतं. थेरपिस्टने चित्र तसंच धरून ठेवलं. सर्जन म्हणाले, तीन चित्रं आधीपासूनच येत नव्हती असं धरलं तरी एक नव्याने अडलेलं उरतं. ऑपरेशनआधी ताईंनी कासव स्वतः ओळखलं असेल आणि टेबलावर ते गेलं असेल, तर तिथे बोलणं आहे आणि त्यांचं थांबणं बरोबर होतं. एकही पुरे आहे, ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात राग उरला नव्हता. मुलीने आईचा हात धरला. बारक्या चित्रातल्या त्या कासवाकडे असा बघत होता, जणू ते त्याचं काही देणं लागत होतं.

भाऊजींनी हात वर केला. वर्गातल्या मुलाने करावा तसा, खांद्यापर्यंतच.

"कासव मी सांगितलं," ते म्हणाले. "ओठांनी."

हे बाकी कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. त्यांनी मग खाली बघत समजावलं. घरातच त्यांचं काम चालतं, कवळ्या घासायचं यंत्र दिवसभर किंचाळत असतं. त्या आवाजात संसार झाला. दोघं एकमेकांचे ओठ वाचतात, मोठ्याने बोलायची गरज पडत नाही. त्या दिवशी ती अडली, तिने आधी बारक्याकडे बघितलं, बारक्याकडे खूण नव्हती, मग तिने त्यांच्याकडे बघितलं. सर्जननी ताईला विचारलं, खरं आहे का. ताईने मान हलवली. थेरपिस्टला आता या घरातल्या कोणावरच भरवसा उरला नव्हता, आणि ते साहजिक होतं. तिने सुचवलं की सर्जननी भाऊजींच्या कानात एक शब्द सांगावा. सर्जन वाकून कुजबुजले. भाऊजींचे ओठ हलले, आवाज नाही.

"सुट्टी," ताई म्हणाली. "द्या ना मग."

सर्जन खुर्ची ओढून बसले. यापुढे ते जे बोलले ते फक्त ताईशी बोलले. काही आठवड्यांनी सूज उतरेल. मग पुन्हा परीक्षा होईल, खोलीत घरचं कोणी नसेल, खिडकीतही नसेल. जी चित्रं येणार नाहीत ती बाजूला काढू आणि उरलेल्यांवर पुन्हा जागेपणी ऑपरेशन करू. "तिथे बोलणं नाही असं मी म्हणत नाही," ते म्हणाले. "तिथे बोलणं आहे असं म्हणायला माझ्याकडे आता आधार नाही, एवढंच. मी मिलिमीटरने जाईन. आकडी पुन्हा येऊ शकते. या वेळी शब्द खरोखर जाऊ शकतात, आणि गेलेले येतीलच असं नाही. नको म्हणालात तरी मी तुम्हाला चूक म्हणणार नाही."

मुलगी बोलायला गेली. भाऊजींनी तिच्या कोपराला हात लावला. पुष्कळ वेळ गेला. ताई शब्द शोधते आहे की विचार करते आहे हे कोणाला सांगता आलं नसतं.

"काढा," ती म्हणाली.

संध्याकाळी बारक्या गोदाम बंद करायला गेला. वकीलबाई फोनवर बोलत बाहेर व्हरांड्यात फेऱ्या घालू लागल्या. भाऊजी खाटेजवळच्या स्टुलावर बसले. खोलीत यंत्राची बारीक टिकटिक सोडली तर काही आवाज नव्हता.

"ते जमलं नाही," ताई सावकाश म्हणाली, "तर माझं बोलणं संपलं. मग तुम्हालाच बोलावं लागेल. सगळ्यांशी. माझ्याशीसुद्धा."

"हो."

"तुम्हाला कुठे येतं? लग्नापासून तुमची वाक्यं मी पुरी केली. सवय करा. बोला काहीतरी."

भाऊजींनी विचार केला. चष्मा काढून पुसला, परत घातला. एरवी एवढ्या वेळात ताईने त्यांच्या वतीने दोन उत्तरं देऊन टाकली असती. आज ती थांबून राहिली.

"माझं सगळं बोलणं तुझ्याकडे होतं," ते म्हणाले, "म्हणून मला कधी कमी पडलं नाही. तू गप्प झालीस तर चालेल. मी शिकेन. तू नसलीस तर मला ते शिकायचंच नाही." एवढं लांब बोलून झाल्यावर ते स्वतःच दचकल्यासारखे झाले. मग म्हणाले, "मला फार भीती वाटते."

दाराबाहेर मुलगी फोन बंद करून उभी होती. आतला आवाज थांबला तसं तिला वाटलं, आईचा शब्द अडला. शब्द सुचवायला ती घाईने दार ढकलून आत आली. आईच्या चेहऱ्यावरून पाणी वाहत होतं आणि तिने बाबांचा हात आपल्या त्या चमचाही न धरणाऱ्या हातात घट्ट धरला होता. मुलगी मागे झाली आणि तिने दार ओढून घेतलं.